माझ्या बहिणीचा नमुना

१

रविवारी सकाळी, चहाच्या आधी, मी ओट्याशी उभी राहून प्लास्टिकच्या एका नळीत थुंकत होते. ऐकायला किळसवाणं वाटतं, करायला त्याहून जास्त. नळीवर एक रेघ असते, तिथवर थुंकी भरावी लागते, आणि फेस त्यात धरत नाहीत. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. तोंड कोरडं पडतं आणि मग माणूस लिंबाचा विचार करत उभा राहतो.

माझा नवरा मुकुल पेपर घेऊन टेबलाशी बसला होता. "थुंकण्यावरही संशोधन व्हायला लागलं," तो म्हणाला. "चांगलं आहे. आपल्या सोसायटीचा जिना देऊन टाक त्यांना."

मी उत्तर दिलं नाही, कारण तोंड भरलेलं होतं. नाहीतर दिलं असतं.

ठाण्यात खोपटजवळ एका संस्थेनं अभ्यास सुरू केला होता. चिंता आणि नैराश्य हे आजार घराण्यात उतरतात का, रक्तात त्यांची काही खूण सापडते का, हे त्यांना बघायचं होतं. स्वयंसेवक हवे होते. मी डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. जाहिरात वाचली आणि त्याच दिवशी नाव दिलं. परोपकाराचा वगैरे काही संबंध नाही. मी चिडून नाव दिलं.

लग्नानंतर वर्षभरात मला पहिल्यांदा अंथरुणातून उठता येईना. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. या सगळ्या काळात मला काय काय ऐकवलं गेलं! नखरे आहेत. रिकामं डोकं आहे. सकाळी फिरायला जा, भजनी मंडळात जा, सगळं तर आहे तुझ्याकडे. मधुमेह झालेल्या बाईला कुणी म्हणतं का, की साखरेचा विचार करू नकोस म्हणजे उतरेल? मला मात्र माझी नणंदही सांगायची आणि इस्त्रीवालाही.

आणि मला पक्कं माहीत होतं की हे मी बाबांकडून घेतलंय. बाबा, म्हणजे हरिहरपंत, महिना महिना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दाराला पडदा. आम्ही कोपरीला राहायचो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी त्यांची एकुलती एक मुलगी, पडद्याबाहेर बसून अभ्यास करायचे. कुणी विचारलं की आई सांगायची, "ह्यांना पित्त झालंय." घरात मोरावळा असायचा, कोकमाचं सरबत असायचं. बाबांच्या त्या पित्ताला आमच्या सगळ्या नातेवाइकांनी औषधं सुचवली.

अभ्यासासाठी आईवडिलांपैकी जे हयात असतील त्यांची मुलाखत घेणार होते. आई ऐंशीच्या घरात आहे, कोपरीच्या त्याच घरात एकटी राहते, डोकं तल्लख आहे. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं एकदा, कुणाहीसमोर, म्हणावं की ते पित्त नव्हतं. मग माझेही नखरे नव्हते, हे आपोआप ठरलं असतं.

२

संस्थेतली योगिनी नावाची मुलगी फोन करायची. गोड आवाज, प्रत्येक वाक्याला मॅडम.

"मॅडम, आईंशी बोलणं झालं. खूप छान बोलल्या."

"बाबांबद्दल काय म्हणाल्या?"

"पित्ताचा त्रास होता म्हणाल्या."

माझ्या हातात तपासायच्या वह्या होत्या, त्या मी टेबलावर आपटल्या. या वयातही! फोनवर, एका अनोळखी पोरीला, जिला आमच्या घराशी काही देणंघेणं नाही, तिलाही पित्त!

"आणि मॅडम, तुमच्या सिस्टरना पण घ्यायचं ना? तुम्ही काही बोलला नाहीत त्यांच्याबद्दल."

"मला बहीण नाही."

"चित्राताई?"

मग मला हसू आलं, पण ते रागाचंच हसू होतं. चित्रा म्हणजे मीच. माहेरची चित्रा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीनं 'नीरजा' लिहिलं, आणि मी नीरजा झाले. मला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी ठरवलं, गुरुजींनी लिहिलं, पंगतीत पेढे वाटले. ज्या नावानं मी शाळेत पहिली आले, ज्या नावानं बाबांनी मला हाक मारली, ते एका ताटातल्या तांदळाबरोबर पिशवीत भरून कुठे गेलं कोण जाणे.

"अय्या, असं खरंच करतात?" योगिनी म्हणाली.

"तेव्हा सर्रास करायचे. एकच बाई आहे, नावं दोन. दुरुस्त करून घ्या."

"हो मॅडम, सॉरी मॅडम. त्या म्हणाल्या दोन मुली, म्हणून मला वाटलं."

३

मी लगेच आईला फोन लावला.

"आई, तू दोन मुली सांगितल्यास?"

"त्यांनी विचारलं मुली कोण कोण, मी नावं सांगितली. पण थुंकी अशी कुणाच्या हाती देतात का गं? काय हा वेडेपणा! गुंतवळसुद्धा आपण थुंकल्याशिवाय टाकत नाही."

हे खरं होतं. केस विंचरले की फणीतले निघालेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यावर तीनदा थू थू करायचं आणि मगच टाकायचे. नाहीतर कुणाच्या हाती लागतील, कुणी काही करील. मी विज्ञान शिकवते, आणि केस कापून आखूड करेपर्यंत मीही हे करत होते.

"ते राहू दे. बाबांना पित्त होतं असं कशाला सांगितलंस?"

आई उत्तर द्यायच्या आत फोनमध्ये तिच्या मागून आवाज आला. टक. टक टक. मग थोडं थांबून पुन्हा, टक टक.

हा आवाज मला कुठेही ओळखू आला असता. विंचरून झालं की फणी खिडकीच्या गजावर आपटायची, ही माझी खोड. आई ओरडायची, केस खालच्यांच्या गॅलरीत पडतात म्हणून. माझी फणी हाडाची होती, जाड दातांची. प्लास्टिकच्या फणीला असा आवाज येत नाही.

"आई, घरात कोण आहे?"

"कोण असणार? टीव्ही लागलाय."

टीव्ही असेलही. वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकत असेल. आवाजाचं काय, तो पाइपातून, भिंतीतून कुठूनही येतो. आठवीच्या पुस्तकात आहे, मी दर वर्षी शिकवते. मी स्वतःला हे समजावलं. आणि मग पित्तावरून आईशी भांडायचं होतं ते राहूनच गेलं, याचा मला दुप्पट राग आला.

४

त्यानंतर योगिनीचा फोन आला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत डबा खात होते.

"मॅडम, तुम्ही जुळ्या आहात हे सांगितलंच नाही!" तिला इतका आनंद झाला होता की मी घास तसाच ठेवला. "म्हणजे मी हे सांगायला नको खरं तर. पण दोन्ही नमुने एकदम सेम आलेत. सर पण एक्साइट झालेत."

"योगिनी, मी तुला सांगितलं होतं. मी एकच आहे. तुम्ही माझाच नमुना दोन नावांनी तपासलाय."

"नाही मॅडम, तुमचा कुरिअरनं आला. चित्राताईंनी इथे दिला. माझ्यासमोर बसून. आईंना घेऊन आल्या होत्या ना, हात धरून."

आईचे गुडघे गेलेत. गेल्या दिवाळीत मी तिला खाली रांगोळ्या बघायला न्यायचं म्हटलं, तर दोन पायऱ्या उतरून ती रडकुंडीला आली होती. ती खोपटपर्यंत जाऊन आली?

"कशी दिसत होती ती?"

"अहो, कशी म्हणजे? तुमच्यासारखीच. त्या दिवशी तुम्ही नळी घ्यायला आला होतात ना, तश्शीच. फक्त केस लांब आहेत, इथपर्यंत." कुठपर्यंत ते फोनवर दिसलं नाही, पण मला ठाऊक होतं. "आणि खूप हसतात. इतक्या फ्रेश! मी त्यांना म्हटलं पण, तुम्ही लहान वाटता."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "तिला काही त्रास?"

"काही म्हणजे काहीच नाही. कधीच नाही. म्हणून तर सर म्हणतायत की अशी जोडी मिळत नाही. दोघींचं रक्त एक, आणि एकीला आजार, एकीला नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत ते रक्तात नसणार, असं ते म्हणत होते."

"मग कशात असणार?"

"म्हणजे..." ती अडखळली. "स्वभावात असेल मॅडम. चित्राताई पण म्हणाल्या, आमच्या घरात असलं कुणालाच नव्हतं. नीरजानंच तिकडे गेल्यावर सगळं लावून घेतलं."

एका जोडीवरून असा निष्कर्ष कुणी काढत नाही, एकाच रक्ताच्या दोघींत एकीलाच आजार होऊ शकतो, हे मला तिला सुनवायला हवं होतं. ज्या गोष्टीसाठी मी नाव दिलं, जिच्यासाठी मी ओट्याशी लिंबाचा विचार करत उभी राहिले, ती गोष्ट कुणीतरी येऊन, हसत हसत, माझ्याच थुंकीनं पुसून टाकली होती. मला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो नुसता संताप.

५

मुकुलला मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, हा त्याचा गुण आहे आणि दोषही.

"आईंना शेजारची कुणीतरी घेऊन गेली असेल," तो म्हणाला. "त्या पोरीनं गोंधळ केला. नमुन्यांची अदलाबदल झाली. तुला माहितीये ना, अशा ठिकाणी काय घोळ घालतात."

माझंही डोकं हेच सांगत होतं. सगळं बसत होतं. शेजारीण हसरी असू शकते, तिचे केस लांब असू शकतात. दोन नळ्यांवर एकच चिठ्ठी चिकटू शकते. फणी मात्र कशातच बसत नव्हती, म्हणून मी फणीचं मुकुलला सांगितलं नव्हतं.

"पण एक बरं झालं," तो म्हणाला. "रक्तात नाही म्हणाले ना? मग हळूहळू गोळ्या कमी करून बघायच्या का?"

मी उठून गॅलरीत गेले. कपडे वाळले होते, ते काढत बसले. या माणसानं मला वाईट दिवसांत भात भरवलाय, हे खरं आहे. तोच आता सुटल्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं त्यालाही मनातून हेच वाटत होतं, आणि आता कुणीतरी त्याला परवानगी दिली होती.

६

पुढच्या रविवारी, जेवणं आटपल्यावर, मी कोपरीला गेले. आईला कळवलं नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरून पायीच गेले. ऊन होतं, दुकानं अर्धी बंद होती. जिन्यात नेहमीचा फोडणीचा वास होता. या जिन्यात मला कधी भीती वाटलेली नाही आणि तेव्हाही वाटली नाही. मी भांडायला चालले होते.

बेल वाजवली. नेहमी आईला दारापर्यंत यायला वेळ लागतो, भिंत धरत धरत येते. त्या दिवशी दार चटकन उघडलं.

"या ना, या," आई म्हणाली.

माझ्यामागे कुणी उभं आहे असं वाटून मी वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

आई छान दिसत होती. इस्त्रीचं पातळ, कुरळ्या पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यात अबोलीची फुलं, जी बाबा गेल्यापासून तिनं कधी माळली नव्हती. तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. मी येईन तेव्हा मीच तिची वेणी घालते, एरवी ती केस नुसते मागे बांधून ठेवते. हा अंबाडा कुणी घातला होता?

"बसा. चहा टाकते."

"आई, काय चाललंय तुझं?"

ती गोड हसली आणि आत गेली. मी खुर्चीत बसले. समोर आतल्या खोलीचं दार, त्याला पडदा. बाबांच्या वेळचा पडदा कधीच फाटला. हा नवा होता, पण रंग तोच, हिरवा. खिडकीच्या गजांमधून आलेल्या उन्हाच्या रेघा पडद्याखालून बाहेर, जमिनीवर पडल्या होत्या. त्या रेघांत मधेच काहीतरी हलायचं, आणि थांबायचं.

आईनं चहा आणला. आमच्याकडे घरच्यांना चहा स्टीलच्या पेल्यात. कपबशी काचेच्या कपाटात असते, ती पाहुण्यांना. मला तिनं कपबशीत चहा आणला होता, बशीत दोन बिस्किटं.

"तुम्ही त्या संशोधनातल्या ना?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "थुंकी नेता त्या?"

झालं, म्हटलं. वय झालं, विसर पडायला लागला. रडूही आलं, आणि खरं सांगायचं तर सुटकाही वाटली, कारण मग सगळ्याचा उलगडा होत होता. "आई, मी आहे," असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुढे झुकली.

"तुमच्या त्या मुलीला फोनवर खरं सांगता आलं नाही. चित्रा घरात होती. तुम्ही आलात ते बरं झालं." तिनं पडद्याकडे पाहिलं. "ह्यांना पित्त नव्हतं हो."

मी बशी खाली ठेवली.

"पडून असायचे. मी उठवायला गेले की म्हणायचे, वासंती, उठवू नकोस, उठलो की पुन्हा मीच असतो. असं म्हणायचे. सांगणार कुणाला? पोरीचं लग्न व्हायचं होतं." ती पदराशी चाळा करत होती. "तिच्यातही दिसायला लागलं होतं. कॉलेजात असताना एकदा आठ दिवस बोलली नाही. मी रात्रंदिवस घाबरलेली. मग तिच्या लग्नात नाव बदललं ना, तेव्हा त्या तांदळाकडे बघून मी मनात म्हटलं, जाऊ दे ते सगळं या नव्या नावाबरोबर. माझी चित्रा मला राहू दे."

हे ऐकायला मी आयुष्यभर थांबले होते. अगदी हेच. मला वाटलं होतं, ऐकलं की मी रडेन, तिच्या गळ्यात पडेन. मी खुर्चीतच बसून राहिले.

"आणि नीरजा?" मी विचारलं.

"तिचं सासर चांगलं आहे म्हणतात," आई म्हणाली.

"आई! माझ्याकडे बघ. मीच आहे. मी काय केलं होतं म्हणून ते सगळं माझ्या गळ्यात बांधलंस?" मी ओरडले. शेजारच्यांनाही ऐकू गेलं असणार. "मला का नाही ठेवलंस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ, नीट, डोळे बारीक करून. तिच्या चेहऱ्यावर दया आली.

"तुम्हाला बरं नाही का हो?" ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघून मला ह्यांची आठवण झाली."

पडद्यामागे फणी गजावर वाजली. टक. टक टक.

७

मी उठले आणि पडदा बाजूला केला.

खोलीत लख्ख ऊन होतं. माझी लोखंडी कॉट होती तिथेच होती. खिडकीशी एक बाई माझ्याकडे पाठ करून बसली होती. केस मोकळे, कमरेच्या खाली. डाव्या दंडावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग होता, मला आहे तसा, फक्त तिचा अजून गुलाबी होता. ती काहीतरी गुणगुणत होती. मी आल्याचं तिला कळलं, कारण गुणगुणणं थांबलं. ती वळली नाही.

तिनं फणीतले केस सावकाश काढले, बोटाभोवती गुंडाळले आणि त्यावर तीनदा थुंकली. मग तो हात तसाच मागे केला, माझ्याकडे. कामवालीला कचरा द्यावा तसा.

आणि मी ते गुंतवळ घेतलं. ओरडायचं सोडून, तिला खांद्याला धरून वळवायचं सोडून, मी निमूटपणे हात पुढे केला आणि घेतलं. त्याचा संताप अजून माझ्या मनातून जात नाही.

ओलं होतं. कोमट होतं. मी बाहेर आले. आई दारापाशी उभी होती, बाबांच्या मागे कधी बाहेर न काढलेला हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. तिनं मला कुंकू लावलं. "पुन्हा या," म्हणाली.

मी उंबऱ्याबाहेर आले. पायांना चपला सापडेनात. मुठीत ते गुंतवळ तसंच होतं. कुठल्याही प्रयोगशाळेत नेलं असतं तरी त्यांनी ते माझंच आहे असं सांगितलं असतं.

आतून माझ्या आवाजात, माझ्या वीस वर्षांच्या आवाजात, कुणीतरी विचारलं, "आई, त्या गेल्या का गं?"

आई माझ्याकडे बघत होती. थेट माझ्या डोळ्यांत.

"गेल्या," ती म्हणाली, आणि दार लावलं.

मी अजून चपलाच घालत होते.